गोंदणाची बशी

नांदगाव खंडेश्वर
कार्तिक वद्य पंचमी, शके १८४५

जिवंत असाल तर हे पत्र शेवटपर्यंत वाचा. नसाल तर ज्याच्या हाती पडेल त्यानं चुलीत घालावं, दुसऱ्या कोणाचं यात काही काम नाही.

तुमच्या जुन्या लिफाफ्यावरून शाळेतल्या मास्तरांनी पत्ता उतरवून दिला. नकाशा घेऊन बसले आणि म्हणाले, "माणिकबाई, जपान आहे, पण आरिता काही दिसत नाही." मी म्हटलं, जपान सापडला ना, पुढचं टपालवाले पाहतील. तुमी शिकवलं तसं शुद्ध लिहायचं ठरवून बसली होती. चार ओळींत जीभ घरची झाली. चालवून घ्या.

भाद्रपदात बातमी आली की जपानात धरणीकंप झाला, शहरंच्या शहरं पडली अन् जळाली, आपल्या देशाचे व्यापारीही त्यात गेले. मामाजींनी, म्हणजे तुमच्या वडिलांनी, तो पेपर तीन जणांकडून वाचून घेतला. तिघांनीही तेच वाचलं. मग ओट्यावर बसून म्हणाले, "चंद्रभान गेला." आत्याबाई आत भाकरी थापत होत्या. त्यांनी तवा उतरवून ठेवला अन् चुलीवर पाणी मारलं. तुमच्या मायले चूल विझवताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी रडली नाही. मले पटलंच नाही. तुमी मागच्या वर्षीच्या दिवाळीनंतर रागानं गेले, तवापासून एक ओळ नाही. धरणीकंप तर आता झाला. त्याच्या आधी काय धरणीनं तुमचा हात धरून ठेवला होता?

पहिल्या खेपेले तुमी असे नव्हते. वामनराव वकिलांनी अमरावतीत चिनीमातीच्या भांड्यांचा स्वदेशी कारखाना काढायचं मनावर घेतलं, अन् माळ्याच्या पोराचा चित्राचा हात पाहून तुमाले ते काम शिकाले तिकडे धाडलं. तवा दर महिन्याले पत्र यायचं. तिथं दगड कुटून माती करतात, अन् कुटाले माणूस लागत नाही, ओढ्याच्या पाण्यानं लाकडी मुसळ आपसूक वर-खाली होते. भट्टी डोंगराच्या उतारावर एकापुढे एक खोल्या बांधल्यासारखी चढत जाते, खालच्या खोलीतली आग वरच्या खोलीत शिरते. पेटवायच्या आधी भट्टीच्या तोंडाशी मीठ ठेवून हात जोडतात. निळा रंग लावताना राखेसारखा काळपट दिसतो अन् भट्टीतून निळा होऊन निघतो. मी ती पत्रं आत्याबाईले वाचून दाखवायची. त्या म्हणायच्या, "मीठ ठेवते ना, मंग मानसं चांगलीच असतीन."

परत आले तवा वकील वारले होते अन् कारखाना बोलण्यातच राहिला होता. तुमी म्हणाले, मी घरीच करतो. बगीच्याच्या टोकाले, टेकाडाच्या उतारावर भट्टी बांधली. सेमाडोहकडून सालईची लाकडं गाड्यांनी आणवली. बाभळीचा नुसता निखारा होतो, सालईत डिंक असतो म्हणून ज्वाळ लांब जाते, हे तुमी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाले सांगायचे. सारं गाव हसून राहिलं होतं अन् तुमी लाकडं रचून राहिले होते. तुमी मले तवा जितके आवडले तितके त्याच्या आधी कधी आवडले नव्हते. हे तोंडानं कधी सांगितलं नाही, आता लिहून देते.

दसऱ्याचं तुमाले कोणी धड सांगितलं नसेल. आग बंद करून, भट्टीचं तोंड लिंपून तुमी बजावलं होतं की आपसूक थंड होईस्तोवर कोणी हात लावायचा नाही. पण मामाजींनी जोशीबुवांकडून विजयमुहूर्त काढून आणला होता. पहिलं काम अन् दसऱ्याचा मुहूर्त टाळायचा, हे त्यांच्या मनाले पटेना. तुमी विहिरीवर आंघोळीले गेले. इकडे गाव जमलेलं, मुहूर्त टळत आलेला. मामाजींनी नारळ फोडला अन् पहार घेऊन भट्टीचं तोंड उघडलं. मी "थांबा" म्हटलं. वाजंत्री चालू असताना सुनेचं "थांबा" कोणाच्या कानी जाते? गार वारा आत शिरला अन् भांडी एकामागून एक तडकाले लागली. टिण, टिण, असा बारीक आवाज. तुमी ओल्या धोतरानं पळत आले अन् तो आवाज बंद होईस्तोवर उभे राहिले. बापाले दोन शब्द बोलले असते, मले चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. तुमी काहीच बोलले नाही. दिवाळी झाली अन् पेटी उचलली.

आता मुद्द्याचं. जोशीबुवा म्हणतात, माणूस दूरदेशी गेला अन् त्याचा देह हाती लागला नाही, तर दोन वाटा. बारा वर्षं थांबा, नाहीतर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याले अग्नी द्या. मामाजींना थांबायचं नाही. पोराचा जीव तिकडे पाण्यावाचून भटकत असेल, असं त्यांना वाटते. इथवर मी त्यांना दोष देत नाही, बाप आहे. पण पानांचा माणूस जळाला की मी रांडव. आपल्यात बामणांसारखं नाही, रांडवेले पाट लावता येतो. तो पाटही मामाजींनी ठरवून ठेवला आहे, घरातल्या घरात, शेषरावशी.

तुमच्या धाकट्या भावाशी. मी लग्न होऊन आली तवा तो पाटीवर धुळाक्षरं गिरवायचा, त्याचं नाक मी पदरानं पुसलं आहे. मामाजी म्हणाले, "बाई, पोरगा गेला. आता घरची सून घराबाहेर जाऊ नये. कलमं तुह्यासारखी कोनाले बांधता येत नाई." म्हणजे संत्र्याच्या झाडांसाठी मले ठेवून घ्यायचं. मी म्हटलं, "मामाजी, मी काय कलमाचा डोळा आहे, या झाडावरून काढून त्या झाडावर बांधाले?" त्यांना राग आला. आत्याबाई खाली पाहत राहिल्या.

मले तुमी यायले नको आहे. म्हणजे आले तर मी पाय धुईन, पण ते मागत नाही. एक ओळ पाहिजे. "मी जिवंत आहे", अन् खाली सही. ती ओळ पंचांपुढे ठेवली की पाटाचं नाव कोणी काढणार नाही. तुमाले एका ओळीची तसदी, माझा जन्म सुटतो.

तुमची माणिक


नांदगाव खंडेश्वर
माघ शुद्ध दशमी, शके १८४५

तुमी जिवंत आहे. मले ठाऊक आहे.

काल संत्री घेऊन अमरावतीले गेली होती. बाजार आटोपून परतताना एका बोहरी चाचाच्या भांड्यांच्या दुकानावरून आली. पोरं पेटी फोडून गवतातून बश्या काढून राहिली होती. पांढऱ्या, काठाले निळी वेल. मी सहज पाहिलं अन् तशीच उभी राहिली. ती वेल माझ्या हातावरची आहे.

तुमाले सांगाले नको, पण सांगते, मले सांगाले बरं वाटून राहिलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी आत्याबाईंनी गोंदणारीण बोलावली. मनगटापासून कोपरापर्यंत वेल, दर दोन पानांमधी तीन ठिपके. माझा हात आत्याबाईंनी धरला होता. कोपराजवळ आली अन् मी असा झटका दिला की गोंदणारीण पाठीवर पडली. तिथं दोनच ठिपके राहिले. गोंदणारीण म्हणाली, "तुह्या सुनेले तूच पुरी कर, मी नाई येत." तुमी किती हसले होते. अंधाऱ्या माजघरात बोटानं चाचपून म्हणायचे, हे दोघं आहेत, तिसरा कुठं गेला?

बशीवर वेल आहे, पानं आहेत, अन् एका जागी दोनच ठिपके आहेत. एका बशीवर नाही, सगळ्या बश्यांवर त्याच जागी.

मी चाचाले विचारलं, ये किसने बनाया? तो म्हणाला, "बेटी, जापान का माल है, मुंबई से आता है। बनानेवाले को मैं क्या जानूँ?" धरणीकंपाच्या आधीचा की नंतरचा, तेही त्याले सांगता येईना. मी उरलेली संत्री टोपलीसकट त्याच्यापुढे ठेवली अन् एक बशी उचलली. तो म्हणाला, "अरे, टोकरी तो ले जा।" मी टोपली घेतली नाही.

घरी आणली अन् ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवली. आत्याबाईले चिनीमातीचं भांडं चालत नाही, हाडाचा भुगा घालतात म्हणतात. हाडाचं नाही, दगडाचं आहे, हे तुमी बसून समजावलं होतं, पण पालथ्या घड्यावर पाणी. सापडली असती तर अंगणात फुटली असती.

मास्तरांनी मोठ्या नकाशावर शेवटी आरिता कुठं असेल ते दाखवलं. धरणीकंप एका टोकाले, तुमी पार दुसऱ्या टोकाले. म्हणजे जिवंत आहे. जिवंत आहे अन् तिथं बसून माझा हात काढून राहिले, रोज, शंभरदा. मले काल रडू आलं, अन् मग हसूही आलं. कोणत्या परक्या घरात कोण माझ्या हातावर कप ठेवत असेल.

पण मी बशी पंचांपुढे ठेवली तर काय म्हणतील? बाईचं डोकं फिरलं. अन् खरंच, ही बशी तुमी कधीची काढली ते मले तरी कुठं सांगता येते? म्हणून एक करा. लिहायले काही अडचण असेल, लाज असेल, कोणाची मनाई असेल, मी विचारत नाही. त्या रिकाम्या जागी तिसरा ठिपका द्या. माल याच बोहऱ्याकडे पाठवा. मले तेवढ्यानं कळेल की पत्र पोचलं. अन् पंचांसाठी ती ओळ, ती वेगळी पाठवा. ती विसरू नका.

तुमची माणिक


नांदगाव खंडेश्वर
चैत्र वद्य द्वितीया, शके १८४६

दोन पत्रांचं उत्तर नाही. बोहऱ्याकडे माल आला नाही. प्रत्येक बाजाराले मी त्या दुकानापुढे घुटमळते अन् पोरं एकमेकांना कोपरानं ढोसतात.

काल शेषराव बगीच्यात आला. मी पाणी देऊन राहिली होती. तुमच्या भट्टीत आता बकऱ्या बसतात, त्या हाकलायच्या निमित्तानं तिथंच उभा राहिला. म्हणाला, "वयनी, बाबा मले सोडत नाईत. सर्वपित्रीच्या आत उरकाचं म्हनते."

मी विचारलं, "तुले पाहिजे का?"

"मी तुह्या हातचं खाऊन मोठा झालो," तो म्हणाला, अन् रडाले लागला. एवढा मोठा माणूस, मिशा फुटलेला.

"मग नाही म्हण ना."

"बाबाच्या तोंडाकडे पाह्यलं की व्हत नाई. दादा गेल्यापासून बाबा पह्यल्यासारखे नाईत. दसऱ्याची पहार त्यांनी हिरीत फेकून देल्ली, तुले ठाऊक हाय का?"

मले ठाऊक नव्हतं. तुमाले ठाऊक असावं म्हणून लिहिलं. तुमच्या बापाच्या मनात काय आहे ते बाप कधी सांगणार नाही, अन् तुमी कधी विचारणार नाही. तुमी दोघं एकाच मातीचे. मधी मी अन् शेषराव, तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाऊन राहिलो.

मले भीती वाटते. दिवसा वाटत नाही, कामात असते. ज्वारी काढाले कणगीपाशी गेली की वाटते. बशी हातात घेते अन् पुन्हा आत ठेवते. लिहा हो. काहून लिहीत नाही?

माणिक


नांदगाव खंडेश्वर
भाद्रपद वद्य अष्टमी, शके १८४६

आज माल आला.

चाचानं मले लांबूनच हाक मारली. "आओ बेटी, तुम्हारी पेटी आ गई।" मी गवतातून एकेक बशी काढून पाहिली. दोन ठिपके. दोन ठिपके. चाचा म्हणाला, सब एक जैसी हैं, क्या ढूँढती है? मी गवत उपसत राहिली. पेटीच्या पार तळाशी एक बशी होती, तिच्यावर तीन. तिसरा ठिपका बाकीच्यांपेक्षा मोठा, ज्वारीच्या दाण्याएवढा, गडद. मी ती बशी पदरात धरून दुकानाच्या पायरीवर बसली. चाचानं पाणी आणून दिलं.

बडनेऱ्याच्या रस्त्यापर्यंत मी हवेत चालली असेन. तुमी आहे, मले वाचलं, मले उत्तर दिलं. मग बैलगाडीत बसली अन् हळूहळू डोकं ठिकाणावर आलं.

तुमी वाचलं. म्हणजे सगळं वाचलं. पानांचा माणूस वाचला, पाट वाचला, शेषरावचं नाव वाचलं. दुसऱ्या पत्रात मी दोन गोष्टी मागितल्या होत्या, ठिपका अन् ओळ. पेटीत हात घालून गवतसुद्धा झटकलं, ओळ नव्हती. ठिपका देणं सोपं होतं म्हणून दिला. कुंचला हातात होताच. त्याच कुंचल्यानं "जिवंत आहे" लिहिता आलं नाही? बशीच्या पाठीवर लिहिलं असतं, तुमचं अक्षर पंच ओळखतात, गावातल्या देवळावरची पाटी तुमच्याच हातची आहे.

मी आधी तुमच्यासाठी सबबी शोधायची. भट्टी फुटली म्हणून तोंड दाखवाले लाज वाटत असेल. वकिलांनी विश्वासानं धाडलं अन् हातून काही झालं नाही, त्याची लाज असेल. तिथं दुसरं घर झालं असेल. असेल तर असू द्या, मी तिकडे यायले निघाली नव्हती. पण आता सबबी संपल्या. मले तिथं बसून आठवता तुमी, अन् इथं माझं काय होते त्याले हात लावत नाही. बशीवर काढायले माझा हात पाहिजे, धरायले नको.

राग येऊन राहिला मले, इतका की लिहिता लिहिता लेखणीची नीब वाकली.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी पंच बसणार. मी दोन्ही बश्या घेऊन जाणार आहे. हसले तर हसतील. एक जुनी, एक नवी, मधे माझं पत्र, असं सांगीन. तुमचा जीव मीच वाचवीन, तुमाले त्याची गरज असो नसो, कारण माझा जीव त्यात अडकला आहे.

माणिक


अकोला, जठारपेठ
मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी, शके १८४६

चंद्रभान,

हे नाव मी जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं, नवऱ्याचं आयुष्य कमी होते म्हणतात. आता ती भीती राहिली नाही. सर्वपित्रीले तुले अग्नी दिला. नाव घेतलं, मग तुमी तरी कशाले म्हणू?

कसं झालं ते सांगते. पंच अंगणात बसले. मधे जोशीबुवा. मामाजींनी सगळं मांडलं, घरचा पोरगा, धरणीकंप, वर्ष उलटलं, पत्र नाही. सरपंचांनी बायकांकडे पाहून विचारलं, "किसनरावच्या सुनेले काही सांगाचं हाय का?" मी म्हटलं, हाय. दाखवते. अन् आत बश्या आणाले गेली.

कणगीपाशी आत्याबाई उभ्या होत्या. पाठ कणगीले टेकून. मी म्हटलं, "आत्याबाई, सरका." त्या सरकल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "राहू दे माय." मी हात पुढे केला तर त्यांनी माझं मनगट धरलं, गच्च, अन् सोडून स्वतःच बाहेर गेल्या. त्या आजवर पंचांपुढे कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. पदर डोक्यावर ओढला अन् बोलल्या.

"माहा पोरगा मेला. मी माय हाय, मी सांगते. करा काय कराचं थे. पन हिचा पाट शेषरावशी लावसान तं मी हिरीत उडी घेईन. एक पोरगा गेला, दुसऱ्याले त्याच्या आंथरुनात नेऊन निजवाचं नाई. ही पोरगी मोकळी. जिथं जाईन तिथं जाऊ द्या."

मामाजी उठून उभे राहिले अन् पुन्हा बसले. शेषरावनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पंचांनी आपसात पाहिलं. मायनंच पोरगा मेला म्हटल्यावर कोणाले काय बोलता येते? सरपंच म्हणाले, बुढी म्हनते तसं व्हऊ द्या. मी दारात उभी. मले वाटलं, म्हातारीले काही ठाऊक नाही, दुःखानं बोलून गेली. अन् माझं काम तर झालं होतं. पाट टळला होता. मी बश्या बाहेर काढल्या नाहीत. तू जिवंत आहे हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तुझी बायको म्हणून त्याच घरात बसली असती, तू येईस्तोवर, अन् तू येणार नव्हता.

नदीवर पळसाची पानं दोऱ्यानं बांधून माणूस केला. आमी बायका काठावर लांब उभ्या होतो. डोक्याच्या जागी नारळ. वर तुझं जुनं धोतर पांघरलं. शेषरावनं अग्नी दिला, जोशीबुवांनी त्याचं कोपर धरलं होतं. घरी बायकांनी माझं कुंकू पुसलं. बांगड्या फोडाले पुढं आल्या तर आत्याबाई म्हणाल्या, सरका, माझी सून आहे. हाताले तेल चोळून एकेक काढली अन् पदरात बांधली. एकच फोडली, अंगणातल्या लोकांना आवाज जावा म्हणून.

तेरावं झाल्यावर मी अकोल्याले निघाली. इथं माझ्या रुख्मिणी मावशीचं फुलांचं दुकान आहे, तिथं मी हार बांधते अन् मागच्या अंगणात संत्र्याची कलमं करून विकते. मामाजींनी दारात येऊन एवढंच म्हटलं, "कलमं पाहाले येत जा." मी हो म्हटलं. आत्याबाई मोटारीपर्यंत पोचवाले आल्या. भाकरी अन् ठेचा बांधून आणला होता. मोटारीले उशीर होता, बाभळीखाली बसलो. मग त्या बोलल्या. ते मी तुले जसंच्या तसं लिहिते, कारण त्यासाठीच हे पत्र आहे.

म्हणाल्या, "बशी म्या पाह्यली व्हती. ज्वारी काढाले गेली तवा. पह्यली एक, मंग दुसरी."

मी सोडलेली भाकरीची गाठ पुन्हा बांधली.

"तुह्या हाताचं गोंदण मले नाई ओळखू येईन? हात तं मीच धरला व्हता. एका बशीत दोन ठिपके, दुसरीत तीन. म्हनजे तू त्याले लिवलं अन् त्यानं वाचलं."

मी म्हटलं, "आत्याबाई, मग पंचांपुढे मेला काहून म्हणाल्या?"

"जिता म्हटलं असतं तं तू बांधली राह्यली असती. त्याले ठिपका देता येते, घरी येता येत नाई. अशा मानसाची वाट तू किती पाहाची? तरणी हायेस." पायानं माती उकरत बसल्या. "म्या माह्या जित्या पोराले पेटलेलं पाह्यलं. लोक रडत व्हते ना, थे मेल्याले रडत व्हते. मले रडूच नाई आलं. पळसाची पानं वली व्हती, लवकर पेटत नव्हती. मले वाटे, नका पेटू. अन् मंग वाटे, पेटा लवकर, पोरीले मोकळं कराचं हाय."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी उठवलं अन् म्हणाल्या, मोटार आली बघ.

हे ओझं मले एकटीले वाहवत नाही, म्हणून तुले लिहिलं. मी सुटली, त्याची किंमत तुझ्या मायनं दिली. ती कोणाजवळ बोलू शकत नाही. मामाजींजवळ नाही, शेषरावजवळ नाही. जित्या पोराचं श्राद्ध पुढल्या वर्षी तिच्या हातानं होईल, खीर तीच रांधेल, अन् कावळ्याले घास घालताना तिले एकटीले ठाऊक असेल.

मी जोशीबुवांना आडून विचारलं, समजा कोणाचं क्रियाकर्म झालं अन् तो माणूस परत आला, तर? ते म्हणाले, त्याले पुन्हा जन्म घ्यावा लागतो. तुपानं आंघोळ घालतात, पाळण्यात घातल्यासारखं करतात, बारसं होते, मायनं कानात नवं नाव सांगायचं. तसा आला तर तुझी माय पाळण्याची दोरी धरेल, विचारणारसुद्धा नाही इतके दिवस कुठं होता म्हणून. जा. मुहूर्त पाहू नको, जा. तिच्या डोळ्यांदेखत एकदा उभा राहा.

बारशानंतर लग्नही पुन्हा लागते, जोशीबुवा म्हणाले, पहिल्याच बायकोशी लागते, तिची तयारी असली तर.

माझी नाही.

माणिक